दुसरी ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकताना येणारे ड्रायव्हरचे एरर: सारखे विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून दिवसाआड कुणी ना कुणी स्क्रीनचा फोटो काढून पाठवतंय. कोल्हापुरात राजारामपुरीत क्लासला येणारी पोरं, उद्यमनगरातले वर्कशॉपवाले, ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं, विद्यापीठात प्रोजेक्ट करणारे, सगळ्यांचं म्हणणं एकच, जुनी विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायला गेलो आणि ड्रायव्हरचा एरर आला. काहींचं उलटं असतं, लिनक्स आहे आणि कामासाठी विंडोज पाहिजे. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळे एका ठिकाणी लिहिले. सोप्यापासून सुरुवात आहे, अवघड खाली आहेत. कमांड इथं देवनागरीत लिहिल्यात, तुम्ही टाइप इंग्रजीतच करायच्या.

१. ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय? विंडोजमध्ये सगळं चालतंय, मग लिनक्समध्ये परत कशाला लागतंय?

वायफायची चिप, ग्राफिक्सची चिप, साउंडची चिप, प्रत्येकीशी बोलायची पद्धत वेगळी असते आणि ती पद्धत ओएसला शिकवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सला कळत नाही, लिनक्सचा विंडोजला कळत नाही, म्हणून एकीकडं चालतंय म्हणजे दुसरीकडं चालेलच असं नाही. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या (ओएसच्या गाभ्याच्या) आतच येतात, त्यामुळं कंपनीच्या साइटवर जाऊन शोधायची सवय तिथं सोडा. तिथं बऱ्याचदा कमी पडतं ते फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत भरायची छोटी फाइल. डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये ही फर्मवेअर १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, सोबतच मिळतात. जुनी आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) वापरून वायफाय दिसंना म्हणणारे आधी नवी आयएसओ घ्या, निम्मी कामं तिथंच होतात.

२. टाकायच्या आधी काय काय करून ठेवू?

डाटाचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या, त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हला नको. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू आहे का बघा, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच उघडणारी सेटिंगची जागा) काहीही बदललं की विंडोज ती मागू शकतं आणि तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो. फास्ट स्टार्टअप बंद करा, का ते प्रश्न १० मध्ये आहे. जागा काढायची तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच पार्टिशन लहान करा. दोन्ही नव्यानं टाकणार असाल तर आधी विंडोज, मग लिनक्स.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इन्स्टॉल करायच्या आधी लिनक्स पेनड्राइव्हवरूनच "ट्राय" करून चालवा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅड, ब्राइटनेस, झाकण बंद करून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, एवढं अर्ध्या तासात कळतं आणि डिस्कला हातही लागत नाही. हे न करता थेट इन्स्टॉल दाबणाऱ्यांचे मेसेज मला सगळ्यात जास्त येतात. मे महिन्यात वळवाचा किंवा जुलैत भरीचा पाऊस असताना आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा बॅटरी पूर्ण चार्ज करून आणि चार्जर लावूनच बसा.

३. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "अननोन डिव्हाइस" आणि पिवळं चिन्ह दिसतंय. हे नक्की काय आहे ते कसं ओळखायचं?

या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न हा आहे. मॉडेलच्या नावावरून ड्रायव्हर शोधू नका, चिपच्या नंबरवरून शोधा. विंडोजमध्ये त्या डिव्हाइसवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथल्या यादीत "हार्डवेअर आयडीज" निवडा. व्हीईएन नंतरचे चार अक्षर-आकडे म्हणजे चिप बनवणारी कंपनी आणि डीईव्ही नंतरचे चार म्हणजे नेमकी चिप. ८०८६ असलं की इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हीडिया, १००२ म्हणजे एएमडी, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. हे दोन्ही नंबर मिळाले की शोधायला दोन मिनिटं लागतात.

लिनक्समध्ये टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडून "एलएसपीसीआय" लिहा, एक स्पेस, मग डॅश आणि लगेच एन एन के. प्रत्येक डिव्हाइसखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ येते. वायफायच्या खाली ती ओळच नसेल तर ड्रायव्हर लागलेला नाही. ओळ आहे आणि तरी चालंना, तर बहुतेक भानगड फर्मवेअरची.

माझ्याकडं एकाच वर्गातल्या दोघी आल्या होत्या, लॅपटॉप एकाच मॉडेलचे, घेतले पण एकाच आठवड्यात. एकीचं उबंटूत (लिनक्सचाच एक प्रकार) वायफाय पहिल्या झटक्यात लागलं, दुसरीचं यादीतच येईना. नंबर बघितला तर एकीत इंटेलचं कार्ड आणि दुसरीत रिअलटेकचं. कंपन्या एकाच मॉडेलात जे उपलब्ध असेल ते कार्ड बसवतात, त्यामुळं "माझ्या मित्राच्या सेम लॅपटॉपमध्ये चालतंय" याला काही अर्थ नाही.

४. कोड २८, कोड १०, कोड ४३, कोड ५२ म्हणजे काय?

२८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही, प्रश्न ३ प्रमाणं नंबर काढून टाका. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण डिव्हाइस चालू होईना, बहुतेक वेळा चुकीचा ड्रायव्हर. ४३ म्हणजे डिव्हाइसनंच अडचण सांगितली म्हणून विंडोजनं ते थांबवलंय, यूएसबीच्या वस्तूला आला तर आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पटली नाही. ५२ वर सही तपासणंच बंद करा असे व्हिडिओ आहेत, तसं करू नका, सहीवाली आवृत्ती शोधा.

५. एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर टाकणारं सॉफ्टवेअर वापरू का?

नको. मनापासून सांगतोय, नको. ते जवळपास जुळणारा ड्रायव्हर घालतं, सोबत नको ती चार सॉफ्टवेअर येतात आणि टचपॅड नाहीतर साउंड बिघडला की नेमकं काय बदललं ते कुणालाच कळत नाही. लॅपटॉप कंपनीची साइट, चिप कंपनीची साइट आणि विंडोज अपडेटमधले ऑप्शनल अपडेट्स, या तीन जागा पुरतात.

६. विंडोज टाकताना डिस्कच दिसंना, "लोड ड्रायव्हर" म्हणतंय. एसएसडी गेली का?

घाबरू नका, गेलेली नसते. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते, एसएसडी तिच्या मागं बसलेली असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडं तिचा ड्रायव्हर नसला की यादी मोकळी दिसते. उपाय दोन आहेत. पहिला, इंटेलचा आरएसटी (स्टोरेजचा) ड्रायव्हर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि "लोड ड्रायव्हर" दाबून तो फोल्डर दाखवायचा. इथं सगळे एकच चूक करतात, सेटअपची ईएक्सई तशीच कॉपी करतात. इन्स्टॉलरला ईएक्सई चालत नाही, ती एक्सट्रॅक्ट करून आतल्या आयएनएफ फाइल लागतात. दुसरा उपाय, बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं. पण डिस्कवर आधीची विंडोज असेल आणि ती ठेवायची असेल तर प्रश्न ८ वाचल्याशिवाय त्याला हात लावू नका.

७. "अ मीडिया ड्रायव्हर युवर कॉम्प्युटर नीड्स इज मिसिंग" असं येतंय. हा मीडिया ड्रायव्हर कुठं मिळतो?

या नावाचा कुठलाच ड्रायव्हर नसतो, म्हणून शोधत बसू नका. इन्स्टॉलरला स्वतःचीच पेनड्राइव्ह नीट वाचता येईना एवढाच त्याचा अर्थ. पेनड्राइव्ह निळ्या यूएसबी ३ पोर्टमधून काढून काळ्या यूएसबी २ पोर्टला लावा. तरी तेच आलं तर आयएसओ परत उतरवा आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर बनवा, बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पेनड्राइव्हमध्ये कॉपी अर्धवट झालेली असते.

कामासाठी विंडोज ७ च पाहिजे म्हणणारे अजून आहेत. इंटेलच्या ६ व्या पिढीपासून पुढच्या मशीनवर विंडोज ७ चा सेटअप चालू झाला की यूएसबी माउस आणि कीबोर्ड मरतात, कारण त्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. त्याचा सपोर्टही जानेवारी २०२० मध्ये संपलाय. एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी लागत असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरनं बनवलेला कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर) चालवा आणि त्याला नेट देऊ नका.

८. उबंटूचा इन्स्टॉलर "आरएसटी बंद करा" म्हणतोय. बायोसमध्ये एएचसीआय (डिस्क चालवायची साधी पद्धत) केलं तर विंडोज निळी स्क्रीन देऊन बंद पडतंय. आता?

निळ्या स्क्रीनवर "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" आलं असेल तर काही उडालेलं नाही, बायोसमध्ये परत जुनं सेटिंग केलं की विंडोज पहिल्यासारखं चालू होतं. झालंय असं की विंडोजनं एएचसीआयचा ड्रायव्हर बाजूला ठेवलेला असतो आणि बूट होताना तो हाताशी नसतो. विंडोजला एकदा सेफ मोडमधून नेलं की ते तो स्वतः उचलतं.

जुन्या सेटिंगवर विंडोजमध्ये या, "एमएसकॉन्फिग" उघडा, बूट टॅबमध्ये सेफ बूट आणि मिनिमलवर टिक करा. रीस्टार्ट करताना थेट बायोसमध्ये शिरा, स्टोरेज मोड एएचसीआय करा (किंवा व्हीएमडी बंद करा), सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडलं की परत एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन टिक काढा आणि रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये कधी कधी पिन चालत नाही, तेव्हा अकाउंटचा खरा पासवर्ड आधीच आठवून ठेवा, एकजण इथंच दोन तास अडकून बसला होता. बिटलॉकरची की पण जवळ पाहिजे. मशीनमध्ये ऑप्टेन मेमरी (इंटेलची डिस्कचा वेग वाढवणारी मेमरी) असेल तर ती आधी इंटेलच्या ॲपमधून बंद करा, मग बाकीचं.

९. लिनक्स टाकलं पण वायफाय नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला नेटच पाहिजे. मग कसं करायचं?

मोबाइल केबलनं लावा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते वायरचं नेटवर्क वाटतं, ड्रायव्हर वगैरे काही लागत नाही, लगेच नेट येतं. मग उबंटूत "ॲडिशनल ड्रायव्हर्स" किंवा मिंट या लिनक्समध्ये "ड्रायव्हर मॅनेजर" उघडा. ब्रॉडकॉमचं कार्ड असेल तर ते तिथंच सुचवतं. सुचवलं नाही तर प्रश्न ३ प्रमाणं नंबर काढा.

काहीच जमलं नाही तर कार्ड बदलणं हाही चांगला मार्ग आहे, फक्त घेताना बघून घ्या. इंटेलचं एएक्स२१० साधं कार्ड आहे, जागा आणि खाच जुळली तर बहुतेक लॅपटॉपमध्ये चालतं. एएक्स२०१ किंवा एएक्स२११ मात्र इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरलाच चालतात, एएमडीच्या लॅपटॉपमध्ये बसतात पण चालत नाहीत. दिसायला सारखीच असतात.

१०. विंडोज वापरून लिनक्समध्ये आलं की वायफाय गायब, डी ड्राइव्ह फक्त वाचता येतो. काल सगळं चालत होतं!

फास्ट स्टार्टअप. विंडोजमध्ये "शट डाउन" केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, कर्नल अर्धं झोपवून ठेवतं, आणि डिस्क व वायफाय कार्ड मधल्याच अवस्थेत अडकतात. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू" मध्ये जाऊन टिक काढा. खात्री करायची असेल तर एकदा शट डाउनऐवजी "रीस्टार्ट" करून लिनक्समध्ये या, वायफाय आलं तर दोषी हाच. डी ड्राइव्हला जबरदस्तीनं लिहायच्या कमांड नेटवर मिळतात, त्यानं फाइल खराब होतात, करू नका.

११. विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं पडतंय आणि अपडेट सर्टिफिकेट एरर देतंय. हा ड्रायव्हरचा दोष आहे का?

नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच इथली वेळ समजून दाखवतं, म्हणून बरोबर साडेपाच तासाचा फरक. सकाळी दहा वाजता विंडोजमध्ये साडेचार दिसतात. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १" एवढं चालवा, सेटच्या आधी स्पेस, बाकी मधे डॅश, शेवटी स्पेस देऊन एक. मग विंडोजमध्ये वेळ एकदा सिंक करा.

१२. एनव्हीडियाचं कार्ड आहे. उबंटू चालू केलं की काळी स्क्रीन, फक्त पंखा फिरतोय.

ग्रबच्या (मशीन चालू होताना ओएस निवडायच्या) यादीत उबंटूवर असताना ई दाबा. "लिनक्स" या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक स्पेस देऊन "नोमोडसेट" लिहा आणि एफ१०. हे फक्त त्या एका वेळेपुरतं असतं. स्क्रीन आली की ॲडिशनल ड्रायव्हर्समधून "रेकमेंडेड" लिहिलेला टाका. साइटवरून रन फाइल उतरवून टाकू नका, पुढच्या कर्नल अपडेटला परत काळी स्क्रीन येते. सिक्युअर बूट (चालू होताना सही तपासणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर लगेच पुढचा प्रश्न वाचा.

१३. ड्रायव्हर टाकला, एररही नाही, पण लागत नाही. "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" म्हणतंय.

सिक्युअर बूट चालू असलं की सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. उबंटू त्यासाठी स्वतःची एक की बनवतं, तुमच्याकडून पासवर्ड मागतं आणि रीस्टार्ट झाल्यावर एक निळी स्क्रीन येते, "परफॉर्म एमओके मॅनेजमेंट". लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं, ते घाईनं एंटर दाबतात, नाहीतर दहा सेकंद काहीच दाबत नाहीत, आणि स्क्रीन निघून जाते. स्क्रीन गेली, तर ती की नोंदली जात नाही. त्या स्क्रीनवर कुठलंही बटन दाबून थांबवायचं, "एनरोल एमओके", "कंटिन्यू", "येस", मग तो पासवर्ड, मग रीबूट. पासवर्ड साधी अक्षरं आणि आकड्यांचाच ठेवा, तिथं चिन्हं भलतीकडंच उमटू शकतात.

स्क्रीन हुकली असेल तर टर्मिनलमध्ये "सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी", मग स्पेस, दोन डॅश आणि "एनरोल-की". परत पासवर्ड द्या, रीस्टार्ट करा, यावेळी स्क्रीनसमोरून उठू नका.

सिक्युअर बूट बंद केलं तरी ड्रायव्हर लागतो, पण मी शेवटचा उपाय म्हणूनच सांगतो. बिटलॉकर रिकव्हरी की मागतं, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळणाऱ्यांचा गेम उघडत नाही.

१४. उद्यमनगरात वर्कशॉप आहे. सीएनसीला प्रोग्रॅम पाठवायची यूएसबी ते सीरियल केबल एका ओएसवर चालते, दुसऱ्यावर नाही.

हा प्रश्न आपल्या गावात जेवढा येतो तेवढा दुसरीकडं येत नसेल, म्हणून सविस्तर लिहितो. आधी केबलमधली चिप ओळखा. पीएल२३०३ असेल आणि विंडोजमध्ये "फेज्ड आउट सिन्स २०१२" असं काहीतरी लिहून आलं तर केबल खराब नाही, नव्या ड्रायव्हरनं जुन्या चिपला नकार दिलाय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "लेट मी पिक" मधून जुनी आवृत्ती निवडली की चालते, आणि विंडोज अपडेटनं परत नवी घातली की परत तेच करावं लागतं. तीच केबल लिनक्समध्ये काहीही न टाकता चालते.

सीएच३४० चिपचं उलटं. उबंटू २२.०४ मध्ये केबल लावली की पोर्ट क्षणभर दिसतो आणि गायब. कारण तिचा आयडी १ए८६ आणि ७५२३ हा एका ब्रेल डिस्प्लेशी जुळतो, मग "बीआरएलटीटीवाय" नावाचा प्रोग्रॅम ती केबल स्वतःकडं ओढून घेतो. ब्रेल वापरणारं कुणी त्या मशीनवर नसेल तर तो काढून टाका. कुणी वापरत असेल तर काढू नका, दुसऱ्या चिपची केबल घ्या.

पोर्ट दिसतोय पण "परमिशन डिनाइड" येतंय तर तुमचा यूजर "डायलआउट" ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. एवढं करूनही मशीनवर कचरा अक्षरं येत असतील तर ड्रायव्हरचं काम संपलं, आता बॉड रेट, पॅरिटी आणि स्टॉप बिट मशीनच्या पॅरामीटरशी जुळवा. बऱ्याच जुन्या कंट्रोलरला ७ डाटा बिट आणि इव्हन पॅरिटी लागते, सॉफ्टवेअरचं सेटिंग मात्र ८ बिट आणि पॅरिटी नाही असं असतं.

१५. दुकानात कॅननचा एलबीपी२९०० आणि एचपीचा १०२० आहे. लिनक्समध्ये चालतील का?

१०२० चालतो. एचपीलिप (एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर) टाका आणि त्याचं प्लगइन उतरवा, कारण हा प्रिंटर चालू झाला की दर वेळी त्याला कॉम्प्युटरकडून फर्मवेअर घ्यावं लागतं, प्लगइन नसेल तर तो गप्प बसून राहतो. एचपीलिप अपडेट झालं की प्लगइनही त्याच आवृत्तीचं परत घ्या. एलबीपी२९०० जास्त दमवतो, त्याची भाषा कॅननची स्वतःची आहे. जमतं, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना करायचं काम नाही. दुकानाचं मुख्य मशीन असेल तर प्रिंटिंग आणि आधारचा अंगठा घ्यायचं मशीन विंडोजवरच ठेवा.

१६. सहा महिने सगळं नीट होतं. कर्नल अपडेट झालं आणि ग्राफिक्स, वायफाय दोन्ही गेलं.

बाहेरून टाकलेला ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्यानं तयार करावा लागतो, ते काम डीकेएमएस करतं, आणि त्याला त्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर तयार करायला लागणाऱ्या फाइल) लागतात. ग्रबमध्ये "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" मधून मागचा कर्नल निवडा, सगळं परत चालू होतं, मग निवांत नव्या कर्नलचे हेडर्स टाका. जुना कर्नल एक तरी ठेवत जा.

१७. विंडोज अपडेटनंतर लिनक्स चालूच होईना. "एसबॅट" असं काहीतरी लिहून येतंय.

ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं जुने लिनक्स बूटलोडर नाकारायला सुरुवात केली, त्यातून हा एरर बऱ्याच जणांना आला. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जाऊन सगळे अपडेट घ्या, परत चालू करा. एरर नाही, फक्त ग्रब न येता थेट विंडोज उघडतंय, तर बायोसमध्ये बूटचा क्रम बदललाय, उबंटू वर घ्या. ग्रब येतो पण त्यात विंडोज नाही, तर २.०६ पासून ग्रब दुसरी ओएस आपणहून शोधत नाही. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये "ग्रब डिसेबल ओएस प्रोबर" ची किंमत फॉल्स करा आणि "अपडेट-ग्रब" चालवा.

१८. वरचं सगळं केलं. वायफाय विंडोजमध्ये पण नाही, लिनक्समध्ये पण नाही.

मग ड्रायव्हर सोडा. लाइव्ह पेनड्राइव्हवर एलएसपीसीआयच्या यादीत कार्डाचं नावच येत नसेल तर मशीनला ते दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्याला कुठलाही ड्रायव्हर लागत नाही. २०२१ च्या पुरानंतर एक लॅपटॉप आला होता, पाणी घरात शिरलं तेव्हा तो माळ्यावर होता, भिजला नव्हता, पण महिनाभर ओलीत पडून होता. तीन ठिकाणी फॉरमॅट मारून झाला होता. मागचं झाकण काढलं तर वायफाय कार्डाच्या सोनेरी पट्टीवर हिरवट डाग. बॅटरीची पिन काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पट्टी पुसली, दहा मिनिटं वाळू दिली, कार्ड परत बसवलं, आणि दोन्ही ओएसमध्ये वायफाय आलं.